इस्माईलभाईंच्या हातची हवा

इस्माईलभाई तांबोळींना पोहता येत नव्हतं. माझा धाकटा भाऊ महेश पाण्याखालच्या गुहांमध्ये दोन-अडीचशे फूट खोल ज्या यंत्रावर श्वास घेतो, ते यंत्र मात्र दर वर्षी त्यांच्याच हातून तपासून जायचं. बारामतीत भिगवण रस्त्याला त्यांचं दुकान. पाटी होती ती दूध काढायच्या मशीनच्या दुरुस्तीची. ते गेल्याला आता दोन महिने होतील. महेश तिकडून फोनवर म्हणाला, "दादा, तू लिहितोस ना, मग त्यांच्यावर लिही." मी हो म्हटलं. लिहायला बसलो तेव्हा कळलं, की या माणसाबद्दल माझ्या मनात सगळ्यात जास्त काय साठलं असेल तर तो हेवा. तो वगळून लिहिलं तर खोटं होईल. म्हणून आहे तसं लिहितो.

आम्ही इंदापूरचे. वडील गेले तेव्हा महेश नऊ वर्षांचा होता आणि मी बावीसचा. मी बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागलो आणि त्याचा बाप झालो. शाळेत त्याच्या नावापुढे पालक म्हणून माझी सही असायची. पण त्याने मला विचारून केलेली एकच गोष्ट मला आठवते, ती म्हणजे चष्म्याची फ्रेम निवडणं. उजनीच्या पाण्यात पोहायला शिकला ते न विचारता. नौदलात गेला ते न विचारता, ती नोकरी सोडली तीही न विचारता. गेली अकरा वर्षं तो मेक्सिकोत आहे. तिथे जमिनीखाली लांबच लांब गुहा आहेत आणि त्या पाण्याने भरलेल्या आहेत. त्यांत उतरायचं, दोरी टाकत आत जायचं, नकाशा करायचा, परत यायचं. वर डोकं काढायला जागा नाही, कारण वर खडक. मी दर वेळी म्हणायचो, "जाऊ नकोस." तो हसायचा आणि जायचा.

त्याच्या यंत्राला रिब्रीदर म्हणतात. नेहमीची टाकी पाठीला लावून पाण्यात गेलं की सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. या यंत्रात तो वाया जात नाही. तो एका डब्यातून फिरतो, डब्यातले चुन्यासारखे पांढरे दाणे त्यातला नासका वायू शोषून घेतात, यंत्र त्यात थोडा ऑक्सिजन मिसळतं आणि तोच श्वास पुन्हा तोंडात येतो. असं तासन्‌तास. कुठे गळती झाली, दाणे सैल भरले गेले, ऑक्सिजन कमी पडला किंवा जास्त झाला, तर माणूस मरतो. बहुतेक वेळा त्याला ते कळतही नाही. हे सगळं मला महेशने एकदा आमच्या ओट्यावर बसून सांगितलं, चहा पिता पिता, कुणीतरी मोटरसायकलचं सांगावं तसं.

पहिल्या सुट्टीत तो ते यंत्र घेऊन घरी आला आणि ते गळायला लागलं. कंपनीला पाठवायचं तर दोन महिने. त्याने घरातच सगळं खोलून पाहिलं, पाच-सहा वेळा लावलं, मीही झाकण धरायला मदत केली. गळती सापडेना. मीच म्हणालो, की भिगवण रस्त्याला एक माणूस आहे, दूध काढायच्या मशीनच्या नळ्या नि रबरं बघतो, त्याला दाखव. पुढे अनेकदा वाटलं की हे वाक्य मी बोललोच नसतो तर.

दूध काढायचं मशीन हवा ओढून चालतं. केसाएवढी फट राहिली तरी पेला सडावरून गळून पडतो, गाय लाथ घालते, आणि कोऱ्हाळ्याचा किंवा कऱ्हाटीचा कुणी शेतकरी पहाटे फोन करून ओरडतो. इस्माईलभाईंचं सगळं आयुष्य त्या फटी शोधण्यात गेलेलं. शिक्षण सातवी. किडकिडीत, उंच, पांढरा सदरा कोपरापर्यंत दुमडलेला. महेशने यंत्र टेबलावर ठेवलं तेव्हा ते हात न लावता दोनदा त्याच्याभोवती फिरले. मग खिशातून नेलकटर काढून बसले. दहाही नखं कापली. आम्ही दोघे बघत बसलो.

"नख लागलं की रबराला जखम हुती," ते म्हणाले. "आता सांग बाळा, ह्यात काय जातं आन्‌ काय येतं?"

महेशने सांगितलं. ते ऐकून त्यांनी तोंड उघडलं ते हसायलाच.

"हे तर आमच्या गाईचंच काम हाय की! तिथं हवा वडून दूध काढायचं, हितं हवा वडून हवाच घ्यायची."

यंत्रातली हवा तोंडाने ओढून घेतली की नळ्या चप्पट होऊन बसल्या पाहिजेत, आणि तशाच राहिल्या पाहिजेत. त्या हळूहळू फुगत होत्या. इस्माईलभाईंनी डोळे मिटून कान लावला. मग एकेक रबरी कडी काढून खालच्या ओठावरून फिरवू लागले. बोटं फसवतात, ओठ फसवत नाही, असं त्यांचं मत होतं. चौथ्या कडीवर थांबले. ओठावरून काहीतरी चिमटीत धरलं आणि उजेडात धरलं.

"केस," ते म्हणाले. "पांढरा." त्यांनी महेशच्या काळ्या डोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, तुमचाच दिसतोय."

महेश इतका हसला की खाली बसला. मीही हसलो. पण त्या दिवशी घरी जाताना तो माझ्या शेजारी चालत नव्हता. मनाने तो अजून दुकानातच होता, तोंडाने सारखं सांगत होता की त्या माणसाने ओठाने कसं शोधलं. माझ्या भावाला इतका वेळ एका माणसाबद्दल बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या केसाचा त्यात उल्लेखही नव्हता.

तेव्हापासून दर वर्षी महेशची सुट्टी म्हणजे अर्धी दुकानात. घरी आई भाकरी झाकून ठेवायची. मी संध्याकाळी त्याला बोलवायला जायचो आणि तिथेच बसून राहायचो. त्यामुळे इस्माईलभाई मला ठाऊक आहेत ते एका लाकडी बाकावरून, थोडे बाजूने.

ते यंत्राला कधीही ठीक आहे म्हणत नसत. फार तर म्हणत, "आत्ता तरी गप हाय." गळतीला ते बोलणं म्हणत. घाईच्या गिऱ्हाइकाला सांगत, "गळतीला घाई नसती, मालक. तुमालाच असती." झाकण लावताना कुणाशी बोलत नसत. फोन वाजला तरी नाही. दारात माणूस येऊन उभा राहिला तरी नाही. रझियाभाभी एकदा चहा घेऊन आल्या, पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बघा सर, दुसऱ्याचा श्वास मोजत बसायचं. घरात बायकू धापा टाकतीय ती दिसत न्हाय." इस्माईलभाईंनी झाकण बसवलं, चाचपलं, मग मान वर करून म्हणाले, "धाप टाकतीयास म्हंजी श्वास चालू हाय. काळजी न्हाय."

दाण्यांचा डबा मात्र ते स्वतः भरत नसत. महेशला भरायला लावत. दाणे थोडे टाकायचे, डबा बाजूने तळहाताने हलकेच ठोकायचा, पुन्हा थोडे टाकायचे. कुठे पोकळी राहिली तर श्वास तिथूनच निसटतो, न गाळता. "पाटाचं पाणी बघितलंस न्हवं?" ते म्हणत. "सरळ पाट सोडून उंदराच्या बिळातनं जातं. हवा बी तशीच. आळशी." महेशने भरून दिला की ते डबा कानाशी हलवत आणि एका परातीत उपडा करत. "परत." चाळीशीला आलेला माझा भाऊ, ज्याच्या हाताखाली तिकडे गोरी माणसं शिकतात, तो खाली मान घालून पुन्हा भरायला बसे. एकदा चार वेळा भरला. घरी मी त्याला ओला टॉवेल दोरीवर टाक म्हणालो तर तो म्हणायचा, "दादा, मी काय लहान आहे?"

एका वर्षी ते यंत्र पाण्यात तपासायचं ठरलं. सांगवीत एका तात्यांची विहीर सत्तर फूट खोल होती आणि त्या वर्षी भरलेली होती. तात्यांचं मशीन दुरुस्तीला इस्माईलभाईंकडेच असायचं, म्हणून त्यांनी लगेच परवानगी दिली. गावातली पंधरा-वीस माणसं जमली. महेशने सगळा साज चढवला, कमरेला दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक पुढे केलं. मी हात पुढे केला होता. त्याने ते इस्माईलभाईंच्या हातात दिलं.

त्याला मुद्दाम काही करायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तो फक्त ज्याच्याकडे द्यायला हवं त्याच्याकडे देत होता. मी हात खिशात घातला.

इस्माईलभाई दोरी घेऊन विहिरीकडे पाठ करून बसले. त्यांना खोल पाणी बघवत नसे. लहानपणी त्यांचा एक चुलतभाऊ कालव्यात गेला होता. ते उसाकडे तोंड करून बसले, दोरी मांडीवर, दोन बोटांत. महेश खाली गेला. पाणी शांत झालं. दोन मिनिटं, चार मिनिटं. तात्या काठावरून वाकून बघत होते.

"आवो सर," ते मला म्हणाले, "बुडबुडं कुठं हायती?"

मला माहीत होतं की या यंत्रातून बुडबुडे येत नाहीत. मी वाचलेलं होतं. पण त्या काळ्या, गुळगुळीत पाण्याकडे बघताना ते वाचलेलं कुठल्या कुठे गेलं.

"येतील," मी म्हणालो.

मागून एक म्हातारी रडायलाच लागली. "गेलं गं बाई पोरगं!" कुणीतरी पळत बाज आणायला गेलं. कुणी म्हणालं गळ टाका. तात्या इस्माईलभाईंना हलवायला लागले, "इस्माईलभाई, वडा की वर! बुडबुडंच न्हाईत!"

इस्माईलभाईंनी मान वळवली नाही. "बुडबुडं आलं तर मला सांगा, तात्या," ते म्हणाले. "मग घाबरू आपण. तवर गप बसा, मला दोरी ऐकू येत न्हाय."

 पंचेचाळीस मिनिटांनी महेशचं डोकं वर आलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो पायऱ्यांवर धापा न टाकता उभा राहिला आणि त्याने पहिल्यांदा कुणाकडे बघितलं हे मी सांगायला नको. मी त्याचा टॉवेल घेऊन उभा होतो. टॉवेल त्याने घेतला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

त्या यंत्राचं मोठं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात पाण्यात जाण्यापूर्वीच्या तपासणीच्या पायऱ्या होत्या, साठच्या वर. महेश त्या तोंडाने सांगायचा आणि इस्माईलभाई करायचे. एकदा महेश म्हणाला, "दादा, हे तू मराठीत लिहून दे ना त्यांना. मी नसताना त्यांना वाचता येईल." मला इतका आनंद झाला की मी तो दाखवलाही नाही. अखेर त्या दुकानात असं एक काम निघालं होतं जे फक्त मीच करू शकत होतो. तीन आठवडे मी त्यावर बसलो. दोनशे पानी वही आणली, शाईच्या पेनाने लिहिली. इंग्रजी फार रुक्ष आणि पाल्हाळीक होतं. तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा यायची. मी ती नीट केली. वाक्यं आटोपशीर केली. जिथे एकच गोष्ट दोनदा होती तिथे एकदाच ठेवली. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला माणूस, मला पुनरुक्ती खपत नाही.

त्यातली एक पायरी होती ऑक्सिजनच्या टाकीची चावी उघडण्याची. ती आधी एकदा येत होती. मग गळती तपासायला चावी बंद करायची होती. आणि नंतर तेच वाक्य, शब्दाला शब्द, पुन्हा येत होतं. मी ते गाळलं.

ऊसतोडीचे दिवस होते. महेश सकाळी आईला घेऊन इंदापूरला डॉक्टरकडे गेला होता. इस्माईलभाई म्हणाले, "सर, तुमी वाचा, मी करतो. आज तुमची वही चालवून बघू." मी वाचत होतो, ते करत होते. हा माणूस कुणावर विश्वास ठेवत नसे, कंपनीच्या छापलेल्या तारखांवरही नाही. पण वहीपुढे त्यांनी मान तुकवली होती. एका पायरीला ते जरा थांबले, हात टाकीकडे गेला आणि माझ्याकडे बघितलं. "हितं काय हाय का?" मी वहीत बघितलं. "नाही." "लिवलं न्हाय म्हंजी नसंल," ते म्हणाले आणि पुढे गेले.

शेवटी यंत्र तोंडाला लावून पाच मिनिटं खुर्चीत बसून श्वास घेऊन बघायचा होता. "माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हावा, सर," त्यांनी मला सांगितलं. डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट मांडीवर एकेका श्वासाला टेकत होतं. तेवढ्यात रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, वर मोठे स्पीकर. गाणं इतकं जोरात की पत्रा थरथरत होता. यंत्राची धोक्याची शिट्टी वाजत असणार, पण ती ऐकू कशी येणार? मी ट्रॅक्टरकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. परत वळलो तेव्हा ते बोट टेकत नव्हतं. चेहरा मात्र समाधानी होता, अगदी सुखाने झोपल्यासारखा.

मी नळी तोंडातून ओढून काढली. ते खुर्चीवरून माझ्या अंगावर कलले आणि खाली जाताना कपाळ टेबलाला लागलं. दोन-तीन श्वासांनी डोळे उघडले.

"का काढलं, सर?" ते म्हणाले. "बरं चाललं हुतं की."

त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी टाकीकडे बोट दाखवलं. चावी बंद होती. ते बराच वेळ चावीकडे बघत राहिले. मग उठले, तोंड धुतलं, वही मागितली आणि बोट ठेवत ठेवत ओळीओळीने वाचली. त्यांना वाचायला वेळ लागायचा. मी बाकावर बसून होतो. वाचून झाल्यावर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि दोन ओळींच्या मध्ये वाकड्या अक्षरात लिहिलं: आक्सीजन परत चालू करा. वही मिटली. मला एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळी महेशने कपाळावरचं टेंगूळ बघितलं.

"खुर्ची मोडकी हाय," इस्माईलभाई म्हणाले. "कवाधरनं म्हंतोय बदलायची."

मी गप्प राहिलो. त्यांनी माझी चूक पदरात घेतली, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल मी त्यांना कित्येक दिवस क्षमा करू शकलो नाही. ते ओरडले असते तर आमची बरोबरी झाली असती.

तीन महिन्यांनी मला ते सहन होईना. मी महेशला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे दादा. वहीत ती ओळ बघितली तेव्हाच कळलं. त्यांचं अक्षर मला ओळखू येत नाही का?"

"मग बोलला का नाहीस?"

"ते बोलले नाहीत म्हणून."

म्हणजे त्या दोघांनी मिळून मला सांभाळून घेतलं होतं, एकमेकांशी न बोलता. मी फोन ठेवला आणि कपाटातली पुस्तकं उगाच पुन्हा लावत बसलो.

गेल्या वर्षी इस्माईलभाईंच्या पोटात कॅन्सर निघाला. दुकान बंद झालं. दुकानाच्या मागेच घर, तिथे ते बाजेवर असायचे. मी निवृत्त झालो होतो, दिवसाआड संध्याकाळी जायचो. सुरुवातीला महेशने सांगितलं म्हणून जायचो, मग सवय झाली. ते फार बोलत नसत. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. ते मध्येच म्हणायचे, "ते परत वाचा," आणि मी परत वाचायचो, पुनरुक्तीसकट.

महेशचा नेम होता, गुहेत मोठ्या खोलीवर जायच्या आधी तो काठावरून इस्माईलभाईंना फोन करायचा. तिकडे सकाळ, आपल्याकडे संध्याकाळ. मला तो परत आल्यावर करायचा. "आधी केला तर तू काळजी करतोस," म्हणायचा. म्हणून तोपर्यंत असा फोन मी कधी ऐकलेला नव्हता. त्या दिवशी मी तिथे होतो. रझियाभाभींनी फोन त्यांच्या उशाशी स्पीकरवर ठेवला.

महेशच्या आवाजात घाई होती. महिनाभर पाणी गढूळ होतं, आता निवळलं होतं. बरोबरची दोन माणसं साज चढवून उभी होती. गुहेचा एक नवीन फाटा होता, आजवर कुणी न गेलेला. त्याने सगळं सांगितलं आणि शेवटी, अगदी सहज, म्हणाला, की वर उथळ पाण्यात निव्वळ ऑक्सिजन भरून बघितला तेव्हा तीन सेलपैकी एक वेगळा आकडा दाखवतोय. सेल म्हणजे श्वासात ऑक्सिजन किती आहे हे मोजणारी बारकी डबी. तीन असतात आणि यंत्र त्यांच्यात बहुमत घेतं.

"दोन सेल एक पॉइंट तीन दाखवतात," तो म्हणाला, "तिसरा एक पॉइंट सहा. यंत्राने तिसऱ्याला बाद केलंय. तो नवाच टाकलाय, खराब निघाला असणार. दोन जुळतायत, म्हणजे चालेल."

इस्माईलभाईंनी डोळे मिटले होते. आवाज फार खोल गेला होता त्यांचा.

"तितक्या पाण्यात निव्वळ ऑक्सिजन किती दाखवाया पायजे?"

 तिकडचे पक्षी ओरडत होते ते ऐकू येत होतं.

"महेश, किती?"

"एक पॉइंट सहा," महेश म्हणाला.

"आन्‌ ती दोन जुनी कवाची?"

"दोन्ही बरोबर घेतलेली. गेल्याच्या गेल्या वर्षी."

"मंग? संगं आली, संगंच म्हातारी झाली. एक पॉइंट तीनच्या वर त्यांला चढवत न्हाय आता. तू खाली गेलास की मशीनला वाटणार ऑक्सिजन कमी हाय. ते वतत बसंल. तुला आकडी येऊन तोंडातलं सुटंल." ते थांबले, दम घेतला. "ही काय सोसायटीची निवडणूक हाय व्हय, दोन हात वर झालं की ठराव मंजूर? खरं एकटंच बोलतंय, आन्‌ त्यालाच तुमी भाईर काढलंय."

"इस्माईलभाई, इथे सगळे थांबलेत..."

"जाऊ नको."

मी बाजेच्या पायथ्याशी बसलो होतो. माझी बोटं गोधडीच्या कडेत रुतली होती. हेच दोन शब्द. मी ते स्टेशनवर म्हटले होते, पत्रात लिहिले होते, आईच्या शपथेसह म्हटले होते, अकरा वर्षं. ते शब्द वापरून वापरून मी गुळगुळीत केले होते. श्वास रोखून मी ऐकत होतो, आणि माझ्या मनात त्या क्षणी दोन इच्छा होत्या. त्याने ऐकावं, ही एक. दुसरी लिहायला लाज वाटते. पण ती होती, पापणी लवेपर्यंत: त्याने यांचंही ऐकू नये.

"बरं," महेश म्हणाला. "नाही जात." मग म्हणाला, "मलाही कळलं होतं बहुतेक. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं."

मी कधीपासून म्हणत होतो. पण मला कधी कळलं नव्हतं का जाऊ नये, आणि त्यांना कळलं होतं. इतकाच फरक. बाहेर येईपर्यंत मला ते मान्य करता आलं नाही.

पुढे दोन दिवसांनी इस्माईलभाई गेले, सकाळी. मी तेव्हा घरी होतो. त्यामुळे मला ते शेवटचे दिसले ते याच संध्याकाळचे.

त्यांनी उशाशी हात नेऊन स्पीकर बंद केला आणि फोन माझ्याकडे सरकवला. "बोला, सर," ते म्हणाले. "आता मोकळा हाय त्यो. दिसभर मोकळा हाय."

मी फोन कानाला लावला.  "जेवलास का?" मी विचारलं.

"सकाळ आहे दादा इथे."

"मग नाश्ता?"

महेश हसला.  म्हणाला, अंडी खाल्ली. म्हणाला, आईच्या गुडघ्याचं काय झालं. मी सांगायला लागलो. इस्माईलभाईंनी तोपर्यंत भिंतीकडे तोंड केलं होतं. बनियनच्या आत पाठीची हाडं मोजता येत होती. आणि ते घोरायला लागले. मी त्यांना अकरा वर्षं ओळखत होतो, दुकानात दुपारी डुलक्या घेताना बघितलं होतं. ते कधी घोरत नसत.

"कोण घोरतंय?" महेशने विचारलं.

"इस्माईलभाई."

"ते कुठले घोरतात!"

आम्ही खूप वेळ बोललो. इतकं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो. आईबद्दल, वडिलांबद्दल, त्या चष्म्याच्या फ्रेमबद्दलसुद्धा. बोलता बोलता मी बाजेकडे बघत होतो. आमचं बोलणं रंगलं की ते घोरणं हळूच थांबायचं, आणि आम्ही दोघे गप्प झालो की लगेच पुन्हा सुरू व्हायचं.